वाळूवरची सायकल

माझं अक्षर वाकडं आहे आणि शाळा चौथीपर्यंतच झाल्यामुळे शुद्धलेखन चुकतं, त्याची माफी असावी. कोणाला दाखवायचं नाही, तरी लिहिते.

आम्ही खडकीला एका बांधकामावर राखणीला होतो. तिथे रोज उजाडताना एक बाई जाड चाकांची सायकल घेऊन यायची. पन्नाशीची असेल. तिला वाळवंटातल्या शर्यतीला जायचं होतं. तिथे बरेच दिवस वाळूतूनच सायकल चालवायची असते. मागच्या वेळी ती अर्ध्यातून परतली होती. म्हणून आमच्याकडची वाळू पसरून ती त्यावर सराव करायची. चाक रुतलं की उतरून ढकलत न्यायची. पडली की आधी सायकल झटकायची, मग स्वतःला. जाताना खोऱ्याने वाळू ओढून पुन्हा ढीग लावायची.

मी एकदा धीर करून विचारलं, "ढकलतच न्यायची तर सायकल कशाला?"

"अहो ताई, कधी ती मला नेते, कधी मी तिला. संसारच म्हणा."

पाय न टेकता पलीकडे जाणं तिला अजून जमलं नव्हतं, आणि गिलाव्यासाठी वाळू उचलायचा दिवस आला. मुकादमासमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या सकाळी म्हणाले, "तेवढं तासभर थांबा."

"वाळू माहेरची आहे का, वहिनी?" तो म्हणाला. पण थांबला.

ती दोनदा पडली. तिसऱ्यांदा सायकल डुगडुगत, अगदी हळू, पलीकडे गेली. तिने पाय टेकला नाही.

मग मुकादमाने हात केला आणि बायका घमेली घेऊन वाळूकडे निघाल्या.