आंबेमाळची रेघ

पोलादपूरच्या एसटी स्टँडमागे माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. एकवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत एक गोष्ट मी गिऱ्हाइकांना तोंड दुखेपर्यंत सांगत आले, की जुनं सोडा, नवीन घ्या आणि माझं डोकं खाऊ नका. गेल्या मे महिन्यात नाथू ढेबे दुकानात आले तेव्हाही मी हेच बोलले, आणि जरा चढ्या आवाजातच बोलले. ते आठवलं की अजून मान खाली जाते.

नाथूभाऊ आंबेमाळचे. आंबेमाळ म्हणजे डोंगरावरचा चौदा घरांचा धनगरवाडा. इथून अर्धा तास जीप आणि मग दोन तास चढण. म्हशी, थोडी नाचणी, थोडी वरी, एवढ्यावर वाडा चालतो. तरुण पोरं मुंबईला नाहीतर महाडच्या एमआयडीसीत. नाथूभाऊ चौथी शिकलेले, वाड्याच्या शाळेत शिपाई होते. मुलं उरली नाहीत म्हणून शाळा बंद झाली आणि किल्ली त्यांच्याकडेच राहिली.

त्या शाळेच्या छपरावर वीसेक वर्षांपूर्वी कुठल्याशा कॉलेजच्या मुलांनी पाऊस मोजायचं यंत्र बसवलं होतं. वर नरसाळं, आत छोटी पळी. पळी भरली की कलंडते आणि खाली शाळेतल्या कॉम्प्युटरवर आकडा एकाने वाढतो. त्या आकड्यांची रेघ काढणारा प्रोग्रॅम मुलांनी स्वतःच लिहिला होता, विंडोज एक्सपीवर. मुलं पदव्या घेऊन गेली, परत कोणी फिरकलं नाही. नाथूभाऊ मात्र रोज सकाळी छपरावर चढून नरसाळ्यातला पालापाचोळा आणि पाखरांची घाण काढत राहिले. कोणी सांगितलं नव्हतं आणि कोणी विचारणारही नव्हतं.

मे महिन्यात तो कॉम्प्युटर दमटपणाने मेला. मुंबईच्या एका मंडळाने वाड्याला नवा कोरा कॉम्प्युटर दिला होता. नाथूभाऊंनी दोन्ही कॉम्प्युटर आणि छपरावरून उतरवलेलं यंत्र केबलसकट पोत्यात गुंडाळून डोक्यावरून खाली आणलं आणि म्हणाले, "म्याडम, यातला जुना या नव्यात घाला."

मी समजावलं. नव्या मशीनला जुनी विंडोज कळत नाही, कंपनीने तिला कधीच वाऱ्यावर सोडलंय, आणि पावसाचा अंदाज हल्ली मोबाइलवर फुकट मिळतो. ते बाकावर बसून राहिले. "पाऊस जून संपायच्या आत जोर धरतो," एवढंच म्हणाले, आणि पिशवीतून तुपाची बरणी काढून टेबलावर ठेवली. मला राग आला, कारण आता नाही म्हणता येईना.

एक्सपीची सीडी घातली की दोन मिनिटांत निळा पडदा आणि सगळं ठप्प. नव्या मशीनची डिस्क तिला दिसेना, कीबोर्ड दिसेना, माऊस दिसेना. आंधळ्या पाहुण्याला अनोळखी घरात सोडावं तशी गत. मेलेल्या कॉम्प्युटरची डिस्क शाबूत होती, म्हणून मग मी तिच्यावरचं सगळं उचलून नव्या विंडोजच्या पोटातच जुनी विंडोज चालवून पाहिली. ती चालली, प्रोग्रॅमही उघडला, जुने सगळे पाऊस त्यात दिसायला लागले. फक्त पाऊस मोजायच्या यंत्राची केबल त्याला काही केल्या सापडेना. मी वैतागून म्हटलं, "नाथूभाऊ, एवढं काय ठेवलंय हो या रेघेत?"

ते उठून पडद्याजवळ आले. पडद्यावर दोन हजार एकवीस सालचा जुलै होता. तीन-तीन दिवसांच्या पावसाची बेरीज दाखवणारी ती रेघ बावीस तारखेला एकदम उभी चढत गेली होती. त्यांनी तिच्यावर एका जागी बोट टेकवलं.

"इथं सगुणा खाली गेली," ते म्हणाले.

सगुणाबाई म्हणजे त्यांची बायको. आदल्या दिवशी पाऊस बघून अख्खा वाडा वरच्या कातळावरच्या शाळेत येऊन राहिला होता. माणसं सगळी सुखरूप होती. म्हशी मात्र खाली गोठ्यात. सकाळ झाली तशी म्हशी हंबरायला लागल्या, कासा भरून आल्या होत्या. गवळ्याच्या बाईला ते हंबरणं ऐकवत नाही. सगुणाबाईंनी चरवी उचलली. नाथूभाऊ चुलीशी चहा करत होते. "लौकर ये गो," म्हणाले. चहा उकळायच्या आत गोठ्यावरचा डोंगर खाली आला.

"मी नको जाऊ म्हनलो नाय," ते म्हणाले. "म्हशी वरडत व्हत्या ना. मला बी ते बरोबरच वाटलं."

मला लाज वाटली, स्वतःच्या आवाजाची, मोबाइलवरच्या त्या फुकट अंदाजाची.

मग त्यांनीच सांगितलं. मोबाइलवर सबंध तालुक्याला एकच इशारा येतो, आणि जुलैत तो रोजच येतो. रोज कोण घर सोडेल? या प्रोग्रॅममध्ये मात्र एक जुनं साल तुलनेला ठेवता येतं. नाथूभाऊ दर पावसाळ्यात एकवीस साल ठेवतात. त्यावर या सालची रेघ चढत जाते. त्यांनी बोट टेकवलं त्या जागेच्या दोन बोटं खाली ती पोचली की शाळेची घंटा वाजते आणि वाडा वर येतो. ती रेघ वाडा मानतो, कारण त्या रेघेतलं माणूस वाड्यातलं होतं.

पुढचे नऊ दिवस मी दुसरं काम घेतलं नाही. मशीनची नवी डिस्क काढून ठेवली आणि मेलेल्या कॉम्प्युटरची जुनी डिस्क लावली. मशीनच्या सेटिंगमध्ये शिरून तिला जुन्या पद्धतीने वागायला लावलं. मशीनच्या पाठीला यंत्राच्या केबलची जागाच नव्हती, पण आत सर्किटच्या पट्टीवर तिच्यासाठी पिना ठेवलेल्या सापडल्या. मेलेल्या मशीनचं सॉकेट काढून तिथे बसवलं. कीबोर्ड गोल पिनचा, माझ्या माळ्यावरचा. चित्र जाडंभरडं दिसत होतं आणि आवाज तर नव्हताच. व्हायरस शिरेल म्हणून इंटरनेट कधीही जोडायचं नाही, अशी ताकीद दिली. नवव्या दिवशी नाथूभाऊंनी दुकानातच वाडग्यातून नरसाळ्यात पाणी ओतलं. पळी कलंडली आणि पडद्यावर एक आकडा वाढला. नाथूभाऊंनी हात जोडले, मला की मशीनला ते कळलं नाही.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पाऊस तीन दिवस हटला नाही. चौथ्या दिवशी दुपारी आंबेमाळला घंटा वाजली. तिथे आता एक नियम आहे, तो ऐकून पाहणीला आलेला एक साहेब हसला होता म्हणे. आधी म्हशी वर न्यायच्या, मग माणसं. शाळेमागे जनावरांसाठी पत्र्याचा मांडव घातलाय. गोठा रिकामा असला की खाली जायला कारणच उरत नाही, हे त्या साहेबाला कोण सांगणार? चौदा घरं, एकेचाळीस म्हशी, तीन दिवस कातळावर. या सालची रेघ नाथूभाऊंच्या बोटाच्याही वर गेली, चांगली चार बोटं वर.

आणि झालं काहीच नाही. डोंगर जागचा हलला नाही.

ऑगस्टमध्ये पाऊस उघडल्यावर नाथूभाऊ दुकानात आले. सोबत वाड्यातले सगळ्यात वडीलधारे गोमाजीबाबा होते. बाबा आल्या आल्या सुरू झाले. तीन दिवस भिजण्यात दोन म्हशी आटल्या, घरात पाणी शिरून नाचणीला कोंब आले, आणि कशापायी?

"बाय, तूच सांग याला," बाबा म्हणाले. "एकवीस सालापेक्षा जादा पडला, तरी डोंगर उभा हाय. म्हंजे ती जुनी रेघ आता कामाची नाय. या सालची रेघ लाव त्या मशीनीत. उगाच धावपळ नको."

बोलण्यात चूक काढता येईना. नवी रेघ वरची होती, तिच्यापर्यंत पाऊस पोचायला वेळ लागला असता आणि म्हातारी माणसं तेवढी कमी वेळा भिजली असती. मी नाथूभाऊंकडे पाहिलं. मनात म्हटलं, पाच वर्षं दर पावसाळ्यात हा माणूस त्या एका जागेकडे बघत बसतो, त्यातून सुटायची ही बरी संधी आहे. तसं मी त्यांना बोलूनही दाखवलं. "बदलू या का नाथूभाऊ? कसं करायचं ते मी दाखवते. तुम्हालाही जरा बरं वाटेल."

नाथूभाऊंनी हातातली पिशवी चाचपली.

"नको म्याडम," ते म्हणाले. "तिचीच राहू दे. तिची रेघ खाली हाय. ती लौकर हाक मारती."

गोमाजीबाबांनी खांद्यावरचा टॉवेल काढून तोंड पुसलं. मग दोघे उठले आणि चढणीच्या जीपला जागा मिळते का ते बघायला गेले.