गाठ पिकून राह्यली

चार डॉक्टर जमले की मोठमोठ्या ऑपरेशनांच्या बढाया सुरू होतात. माझ्याकडे सांगायला फक्त पोरांच्या माना! महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं, तेव्हा मी बायकोला घेऊन पुण्याहून धाड गावाजवळच्या एका खेड्यातल्या सरकारी दवाखान्यात गेलो. मानेच्या गाठी सुजून पिकलेली पोरं रोज यायची आणि प्रत्येक गाठीमागे एक किस्सा फुकट.

पहिल्याच दिवशी एक बाप म्हणाला, "साहेब, पोराची गाठ पिकून राह्यली."

"कुठे राहिली?"

त्यानं पोराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मानेवरच ना! दुसरीकडे कुठी जाईन ते?"

*

देऊळघाटचे एक बडे जमीनदार नातवाला घेऊन आले. भर मे महिन्यात पोराच्या गळ्यात लोकरी मफलर! "सर्दी हाये," म्हणाले. मफलर सोडला, तर लिंबाएवढी गाठ; गावाच्या भाषेत गंडमाळ.

आजोबा कानाशी कुजबुजले, "चिरा, सुई टोचा, काय पाह्यजे ते करा. फक्त रोगाचं नाव घेऊ नका. घरात लग्नं व्हायची हायेत!"

मी गाठ चिरली, पू काढला, पेनिसिलिन दिलं. पोरगं बरं झालं. आजोबा गावभर सांगत सुटले, "नवा डाक्टर लय हुशार हाये बे. सर्दी चिरून काढते!"

*

एका पोरीच्या गाठीवर वैदूनं बिब्ब्याचे चटके दिलेले. कातडं सोललेलं, पोर कळवळत होती. मी आईवर भडकलो, "त्याच्याकडे कशाला गेलीस? हा दवाखाना दिसला नाही?"

"दिसला ना साहेब. कुलूपही दिसलं!"

रजा घेऊन पुण्याला गेलेला मी आदल्याच दिवशी परतलो होतो.

*

एका पोराचा पहिलवान बाप म्हणाला, "कंपाउंडर कायले पाह्यजे? मी धरतो पोराले!" गाठीला चीर दिली, पू आला आणि पोरामागे धप्पकन आवाज झाला. पोरगं रडायचं थांबून म्हणालं, "डाक्टर, पह्यले माह्या बाले पाहा बे!"

*

सखूच्या चार वर्षांच्या मुलीच्या गाठी बऱ्या व्हायच्या, पुन्हा पिकायच्या. पोरगी नुसती काडी. एकदा मी आवाज चढवला, "अंगात ताकदच नाही हिच्या! रोज कपभर दूध देत जा. घरी म्हैस आहे ना?"

"हाव, हाये ना."

"दूध देते?"

"लय देते."

"मग जातं कुठं ते सगळं?"

सखूनं पोरीच्या मानेवरची पट्टी सारखी केली.

"तुमच्याच घरी येते ना, साहेब. हिचा बापच घालते. बाईसाहेब म्हणतात, साय दाट पाह्यजे."