काटा एकशे सत्तरवर

माझी बायको गेली त्या उन्हाळ्यात मी गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये इंजिन मिस्त्री होतो. तिच्या जाण्याबद्दल सांगायचं तर आधी शेठच्या गाडीबद्दल सांगावं लागतं. आणि खरं म्हणजे मला गाडीबद्दलच नीट सांगता येतं.

गाडी दोन माणसांची, विलायती, शर्यतीच्या घडणीची. लांब नाक, तारांची चाकं, वर कापडाचं छप्पर. जंगल खात्यातला एक गोरा साहेब देश सोडून जाताना ती शेठच्या गळ्यात मारून गेला. तेव्हाच ती बरीच जुनी होती. शेठला गाडी चालवता येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती. दिवाळीला तिला धुऊन, हार घालून मिलच्या दारात उभी करायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनी पाहायची, एवढंच तिचं काम. बाकी वर्षभर ती माझ्या माथी. जे जे फिरतं आणि तापतं ते मिस्त्रीचं, असा शेठचा समज होता.

आदल्या हिवाळ्यात गाडीचा रेडिएटर गळायला लागला. मी तो एका सकाळीत बंद केला. आमच्या मिलच्या इंजिनाला थंड ठेवणारं पाणी नळातून फिरायचं. त्या नळाचा सांधा पाझरायला लागला की आम्ही टाकीत मूठभर बारीक कोंडा सोडत असू. पाण्याबरोबर तो भोकापर्यंत जातो, फुगतो आणि भोक बुजवून टाकतो. गोंदियातल्या कोणत्याही मिलच्या मिस्त्रीला विचारा, तो हेच करेल. मी गाडीलाही तेच केलं. एक मूठ पुरली नाही म्हणून दुसरी टाकली. गळणं थांबलं. शेठनं चार लोकांसमोर माझी पाठ थोपटली आणि मीही काही दिवस छाती काढून फिरलो.

वैशाखात बायको चुलत बहिणीच्या लग्नासाठी माहेरी गेली होती. माहेर सालेकशाच्या पुढे, कचारगडच्या वाटेवर. एक दिवस तिचा भाऊ सकाळच्या पॅसेंजरनं उतरला आणि तडक मिलमध्ये आला. "बाईच्या पोटात लय दुखून राहिलं, भाऊजी. तीन रोज झाले. काही खाऊन नाही राहिली." परतीची रेल्वे संध्याकाळी होती. शेठ तिथेच उभा होता. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "गाडी ले जाओ, मिस्त्री." एवढं त्याच्या बाजूनं सांगून ठेवतो.

तिचा भाऊ आणि मी गाडीनं गेलो. जाताना सकाळ होती, गाडीनं एकदाच पाणी मागितलं. येताना दुपार झाली होती. जागा दोनच, म्हणून भाऊ मागे राहिला. सासूनं पितळी गडव्यात पिण्याचं पाणी भरून बायकोच्या मांडीवर ठेवलं.

न थांबता आलो असतो तर दीड तासाचा रस्ता. आम्ही तीनदा थांबलो. पहिल्यांदा वाघनदीच्या अलीकडे. उष्णतेचा काटा दोनशे बारावर गेला, म्हणजे पाणी उकळलं, नाकातून वाफ निघाली. तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतता येत नाही, लोखंडाला चीर जाते. ते निवायची वाट पाहावीच लागते. मी बाभळीखाली उभा राहून वाट पाहिली. ती गाडीतच बसून होती.

"काऊन थांबले?" तिनं विचारलं.

"गाडी तापली."

"मंग निवू द्या."

दुसऱ्यांदा आमगावच्या पुढे. तिसऱ्यांदा फुलचूरच्या अलीकडे. तिथून गोंदियाच्या मिलची धुराडी दिसत होती. माझ्याजवळचा पाण्याचा डबा संपला होता, रस्त्याकडेच्या बोडीचं पाणी आटून तळ भेगाळला होता, आणि एकही बैलगाडी दिसत नव्हती. ती म्हणाली, "हे टाका." गडवा तिनं माझ्यापुढे धरला होता.

"तुले लागंन."

"मले नाही लागली तहान. टाका."

तिचे ओठ पांढरे पडले होते. मी पाणी ओतलं. सगळं ओतलं.

दवाखान्यात पोचलो तेव्हा साडेतीन तास झाले होते. पोटात काहीतरी फुटलं होतं. डॉक्टर म्हणाले, "दो घंटे पहले लाते तो कुछ करके देखते." त्यांनी हे रागावून म्हटलं नाही. दिवेलागणीला ती गेली.

तेरावं झाल्यावर मी कामावर आलो. मला काही वाटत नव्हतं. लोक भेटायला यायचे, हात धरायचे, आणि ते कधी हात सोडतात याची मी वाट पाहायचो. भात खायचो, झोपायचो, मिलचं इंजिन सुरू करायचो. शेठ म्हणाला, "यह गाडी मनहूस है. कबाडी को दे दो." मी म्हटलं, "दिवाळीपर्यंत राहू द्या." त्यानं कारण विचारलं नाही. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. दीड तासाच्या रस्त्याला साडेतीन लागले. मधले ते दोन तास कोणी खाल्ले, एवढंच मला शोधायचं होतं.

रोज दुपारी मिल जेवणासाठी थांबली की मी गाडीचं नाक उघडायचो. आधी ठिणगी पाहिली. ती उशिरा पडत होती आणि उशिरा ठिणगी पडली की इंजिन तापतं. ती थोडी पुढे घेतली. काटा जरासा उतरला. मग तेल आणि हवेचं मिश्रण पाहिलं. ते पातळ होतं, म्हणजे तेल कमी पडत होतं, ते जाड केलं. पुन्हा थोडा उतरला. पंख्याचा पट्टा सैल होता, तो बदलला. रेडिएटरच्या जाळीत अडकलेले किडे सुईनं एकेक काढले. शेठला विचारून नाकाच्या दोन्ही बाजूंना पत्रा कापून हवेला वाट दिली. शेठ म्हणाला, "मछली जैसी दिखती है." दिसत होती खरी. तरी फुलचूरपर्यंत जाऊन आलं की काटा दोनशेच्या वर, आणि चढावर लागली की वाफ.

रेडिएटरला मी हात लावला नव्हता. तो गळत नव्हता ना. जे गळत नाही ते उघडायचं नाही, ही मिलची रीत माझ्या हाडात गेली होती. शिवाय तो मी स्वतः बरा केला होता. पाऊस आला, गेला, धान पिवळं पडायला लागलं, आणि उघडून पाहायला दुसरं काही उरलंच नाही. मी रेडिएटर काढला, खांद्यावर घेतला आणि बाजारातल्या तांबटाकडे गेलो. म्हातारा गळक्या भांड्यांना डाग द्यायचा. त्यानं वरची टाकी तापवून सोडवली आणि दोघांनी आत डोकावलं.

रेडिएटरच्या आतल्या नळ्या बोरूपेक्षा बारीक असतात. मिलच्या नळात मनगट जातं, इथे काडी जाईना. नळ्या तोंडापर्यंत तपकिरी लगद्यानं भरल्या होत्या. तांबटानं खिळ्यानं थोडा उकरून बोटावर घेतला आणि हुंगला. मलाही वास आला. उसन्या तांदळासाठी धान उकडताना मिलभर असतो तोच.

"कोंडा हाय हा," तो म्हणाला. "उकडून उकडून असा झाला. कोणं टाकला असंन?"

"गोऱ्या साहेबानं," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "साहेबाले कोंडा कोठचा माईत?"

मी रेडिएटर आडवा करून धरला. त्यानं तार घेतली, मी दुसरी घेतली, आणि दोन दिवस आम्ही समोरासमोर बसून त्या नळ्या साफ केल्या. माझे हात चालू होते. लाज वाटत होती, तीही दुसऱ्याची असावी तशी लांबून. मात्र त्या दोन दिवसांत मला जेवण गेलं नाही. गळत होतं तिथे त्यानं डाग दिला. सोड्याच्या उकळत्या पाण्यानं सगळं धुतलं तेव्हा नाल्यातून कोंडा वाहत गेला. दोन मुठीच होता तो.

दिवाळीच्या आधी मी गाडी घेऊन सासुरवाडीला गेलो. खरं सांगायला गेलो होतो. सासू ओसरीत धान पाखडत होती. मी समोर बसलो. ती म्हणाली, "गाडी बनली का, जवाईबापू?" मी म्हटलं, "बनली." "काय झालं होतं तिले?" मी म्हणालो, "नळ्या बुजल्या होत्या." कशानं, हे तिनं विचारलं नाही आणि माझ्याकडून निघालं नाही. पुढ्यातल्या सुपात कोंडा उडत होता. मी थोडा वेळ तो पाहिला आणि उठलो. निघताना तिनं तोच गडवा भरून आणला. "पाणी घेऊन जा. रस्त्यात लागते."

गडवा मी शेजारच्या जागेवर ठेवला, कलंडू नये म्हणून टॉवेल गुंडाळून. वाघनदी गेली. आमगाव गेलं. काटा एकशे सत्तरवर जाऊन बसला तो हलेना. मी मुद्दाम चढावर जोर दिला, तरी हलेना. फुलचूरला बोडी भरलेली होती. मी थांबलो नाही.

दवाखान्याच्या फाटकाशी गाडी उभी केली तेव्हा घड्याळात एक तास पंचवीस मिनिटं झाली होती. मी उतरून रेडिएटरचं झाकण काढलं. ते नुसत्या हातानं निघालं. पाणी काठोकाठ होतं, घोटभरही कमी नाही. फाटकावरचा माणूस जवळ आला आणि गाडीत वाकून म्हणाला, "पेशंट कुठं आहे?"

मी म्हणालो, "नाही आणला."

मग मी शेजारच्या जागेवरचा गडवा उचलला आणि तोंडाला लावला. मला तहान लागली नव्हती. तरी तिथेच उभा राहून सगळं पाणी प्यायलो, शेवटपर्यंत. तो माणूस म्हणाला, गाडी बाजूला घ्या, मागे बैलगाडी आली आहे. मी गाडी बाजूला घेतली.