गार बादलीचा आवाज

दातार सरांनी आमच्या घरचा पहिला चहा न पिताच परत पाठवला. आम्ही धायरीत राहायला येऊन जेमतेम आठवडा झाला होता. समोरच्या फ्लॅटमधले हे निवृत्त प्राध्यापक पत्नीसह ओळख करून घ्यायला आले होते. मी स्वयंपाकघरात कपात चहा गाळत असताना बाहेरच्या सोफ्यावरून आवाज आला, "अहो, जरा परत उकळा. कोमट वाजतोय." मी बोट लावून पाहिलं. कोमटच होता.

"गार पाणी खणखणीत बोलतं, गरम पाणी घसा बसल्यासारखं," दुसरा चहा पिताना त्यांनी समजावलं. "जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलं मी. विद्यार्थ्यांना सगळं येत होतं, फक्त ऐकू येत नव्हतं." शेजारी बसलेल्या शालिनीताई म्हणाल्या, "आमच्याकडे तर..." "थांब, मी सांगतो," सर म्हणाले. ताईंचं वाक्य ते नेहमी असं अर्ध्यावर काढून घ्यायचे आणि पूर्ण मात्र भलतंच करायचे.

या कानाला काम मिळालं ते सोसायटीच्या सोलरमुळे. गच्चीवरच्या टाकीतलं गरम पाणी सगळ्यांना पुरत नाही, असं सरांचं म्हणणं. सोसायटीचे अध्यक्ष अण्णा. त्यांच्याच वावरात ही इमारत उभी राहिलेली. ते म्हणायचे, "पानी सगळ्यांना गरमच हाय, सर. तुमचे कानच गार पडल्यात." सरांनी थर्मामीटर आणला, तर अण्णा म्हणाले, तो तुमचा हाय. गीझर घ्या, असं मी सुचवून पाहिलं. "सोलर असताना गीझर लावणं म्हणजे अन्यायाला वीजपुरवठा करणं," सर म्हणाले.

मग सर रोज सकाळी स्वतःची ऐसपैस आंघोळ उरकून गच्चीवर जाऊ लागले. सगळ्या न्हाणीघरांच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडतात. तिच्या तोंडाशी कान लावून ते उभे राहायचे. खालच्या बायका भडकल्या आणि लिफ्टशेजारी पाटी लागली: 'डक्टपाशी उभे राहून इतरांच्या आंघोळी ऐकू नयेत.' सरांना त्यात अपमान वाटला नाही, अज्ञान दिसलं. "मी आंघोळ ऐकत नाही, तापमान ऐकतो," ते पाटी लावणाऱ्या सेक्रेटरींना म्हणाले.

सभेत त्यांनी परीक्षाच दिली. भिंतीकडे तोंड करून ते उभे राहिले, सेक्रेटरी तांब्याने पाणी ओतत गेले आणि सर "गार, गरम, गरम, गार" सांगत गेले. एकदाही चुकले नाहीत. अण्णांनीसुद्धा टाळी वाजवली. आता सरांना कोण आवरणार? मजल्यामजल्याचा हिशोब मांडत ते शेवटी गरजले, "आणि आपल्या वरच्या मजल्यावर, मुलांच्या स्कूलबस गेल्या की, रोज एक बादली बर्फासारखी गार वाजते. कोणीतरी निर्दयपणे सगळं गरम पाणी आधी उपसतं आणि त्या जिवाच्या वाट्याला हे येतं. कोण आहे तो निर्लज्ज माणूस?"

सगळ्यात वरच्या मजल्यावर दोनच घरं, त्यांचं आणि आमचं. "आमच्या आंघोळी बसच्या आधीच होतात," मी म्हटलं. मला दुसरं काय सांगता येणार होतं? शालिनीताई उठल्या. "माझी बादली ती. अहो, पण..."

"तू मध्ये बोलू नकोस," सर म्हणाले. पण आवाज पार बसला होता. खुर्ची सरळ करून ते खाली बसले आणि सोलरचा विषय त्या दिवशी संपला तो कायमचा. अण्णांनीही टोमणा मारला नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या घरात आधी ताईंची आंघोळ आणि मग सरांची. एव्हाना माझेही कान तयार झाले होते. पहिली बादली मऊ वाजायची, दुसरी खणखणीत, आणि दुसरीबरोबर सरांचं "हर हर गंगे" इतक्या घाईने यायचं की गंगेला थांबायलाही वेळ मिळू नये. तीन हिवाळे त्यांनी असे कुडकुडत काढले. मला त्यांचं हसू यायचं आणि त्या हट्टी माणसाविषयी मायाही वाटायची.

गेल्या वर्षी सर गेले. त्यानंतरच्या थंडीत एका सकाळी डक्टमधून ताईंची बादली ऐकू आली, चांगली खणखणीत. मला गलबलून आलं. तशीच उठून मी समोर गेले आणि म्हटलं, "ताई, सोलर बिघडलंय का? आमच्याकडून गरम पाणी नेत जा."

"सोलर ठीक आहे हो," त्या केस पुसत म्हणाल्या. "मला पहिल्यापासून गारच पाणी आवडतं. माहेरी लोणी काळभोरला आम्ही विहिरीवरच आंघोळ करायचो."

"मग इतके दिवस ते गरम?"

"न्हाणीघराच्या दाराशी उभे राहून ऐकायचे ना ते. गार वाजलं की लगेच हाक मारायचे."

"सांगायचं ना त्यांना."

"सभेत सांगायलाच उठले होते." त्या हसल्या. "तीन हिवाळे नुसती भाजून निघाले बघा." मग टॉवेल दोरीवर टाकून त्याचं टोक उगाच सारखं करत राहिल्या.

"पण दाराशी उभे असायचे हो," त्या म्हणाल्या.