फेट्याखालचा चेहरा

भर बाराच्या उन्हात फोटो काढायला सांगणाऱ्याचा मला अजूनही राग येतो. साठ सालच्या आसपास पौडला माझं फोटोचं छोटं दुकान होतं, तेव्हा सगळी गिऱ्हाइकं नेमकी हेच सांगायची. सकाळी येतो म्हणावं, तर सकाळी त्यांच्या गावांकडं एसटी नाही. सावलीत बसा म्हणावं, तर त्यांना वाटायचं, ऊन जितकं कडक तितका फोटो स्वच्छ. समजावून समजावून माझ्या तोंडाला फेस यायचा.

माले गावच्या एका म्हाताऱ्यानं तर माझा अंत पाहिला. त्याचा मुलगा फौजेत, लांब सरहद्दीवर. तीन वर्षं रजा नव्हती. वडलांचा फोटो पाठवा, चेहरा तरी बघीन, असं त्यानं कळवलं होतं. म्हाताऱ्याचा जन्मात फोटो निघालेला नव्हता. मी पोचलो तेव्हा तो अंगणात भर उन्हात नवा गुलाबी फेटा बांधून ताठ बसला होता. फेट्याची सावली थेट नाकापर्यंत. खाली डोळे होते की नव्हते, देव जाणे.

"बाबा, त्या आंब्याखाली बसा."

"चोरावानी सावलीत बसू व्हय? हितंच काढा."

हनुवटी वर करा म्हटलं की उन्हानं डोळे गच्च मिटायचे. खाली करा म्हटलं की पुन्हा अंधार. शेवटी वैतागून म्हटलं, "मग घटकाभर फेटा तरी उतरवा."

म्हातारा उठूनच उभा राहिला. "बोडका बसू? का, माजं कोन मेलंय? पोराच्या हातात असला फोटू पडला तर त्यो काय समजंल?"

त्याचं खोटं नव्हतं. आमच्याकडे उघडं डोकं म्हणजे सुतक. पण परतीची गाडी चुकेल या घाईत मी चिडलेलो होतो. दातओठ खात खटका दाबला आणि निघालो.

फोटो धुतला. फेट्याचा पीळन्‌पीळ दिसत होता, मिशी दिसत होती, मधे नुसता काळा डाग. धाडू नये असं वाटत होतं, पण म्हाताऱ्याचे निरोपांवर निरोप. थेट मुलाच्या फौजेतल्या पत्त्यावर धाडला.

महिन्याभरानं तो मुलाचं पत्र घेऊन दुकानात आला. त्याला वाचता येत नव्हतं. "बगा, फोटूचं काय म्हनतोय."

मुलानं लिहिलं होतं, 'फोटो मिळाला. फेटा ओळखला. उजेडाकडे धरून पुष्कळ वेळ बघितला, पण तुमचे डोळे काही सापडले नाहीत.'

हे माझ्या तोंडून निघेना. मी वाचलं, "फोटो मिळाला. फार छान आलाय."

"बगा! आन् तुमी फेटा उतरवाया लावत हुता."

माझ्या अंगाची लाही झाली. त्याच्यावर चिडलो की स्वतःवर, सांगता येत नाही. म्हटलं, "बाबा, आणखी एक काढू. मी आदल्या दिवशी मुक्कामाला येतो, सकाळच्या कोवळ्या उन्हात काढू."

"आता कशाला?" पत्राची घडी बंडीच्या खिशात ठेवत तो म्हणाला. "पोरानं बगितलं की मला."