उचापतीची मुलाखत

कुलूपवाल्याच्या दुकानात काम करणाऱ्या त्या मुलीला घरात कुणीच नावानं हाक मारत नसे. सगळ्यांची ती उचापती. पाच वर्षांची असताना तिनं गजराचं घड्याळ खोललं होतं, आत बसून कोण वाजवतं ते बघायला. घड्याळ पुन्हा काही चाललं नाही, नाव मात्र जे चालू झालं ते सव्वीस वर्षांची झाली तरी थांबलं नाही.

दुकान मामाचं. एक काउंटर, चाव्या कापायचं एक मशीन आणि भिंतभर खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या चाव्या. बारावी झाल्यावर ‘तात्पुरती’ म्हणून ती तिथं बसायला लागली आणि बसता बसता आठ वर्षं गेली. कुलूप कानाशी धरून त्यात काय बिघडलंय ते ती सांगायची. मामा गिऱ्हाइकांना म्हणायचा, “माझी भाची कुलपांची डॉक्टर आहे. फक्त पेशंटला फार प्रश्न विचारते.”

अग्निशमन दलाच्या भरतीचा अर्ज तिनं भरला तेव्हा मामाला वाटलं, ही कुणाच्या तरी नादाला लागली. तसं नव्हतं. झालं होतं ते असं. एका घरात एक म्हातारे गृहस्थ आत अडकले, दलाच्या लोकांनी दार उघडून त्यांना बाहेर काढलं, आणि दुसऱ्या दिवशी नवीन कुलूप बसवायला मामानं उचापतीला पाठवलं. ती दारापुढं बसली आणि बघतच राहिली. कुलूप शाबूत, कडी शाबूत. चौकटीपाशी लाकडात बोटभर दोन खुणा, बस्स. हे दार कशानं उघडलं? पहार म्हणावी तर लाकूड फाटलं असतं. दोन आठवडे हा भुंगा तिच्या डोक्यात घोंघावत होता. शेवटी दुपारच्या सुट्टीत ती थेट अग्निशमन केंद्रात विचारायला गेली. फाटकावरच्या माणसानं तिला ताकास तूर लागू दिली नाही. “ते आमच्याच लोकांना दाखवतात,” म्हणाला. त्याच्या पाठीमागं भिंतीवर भरतीची जाहिरात लावलेली होती.

लेखी परीक्षा झाली, धावणं झालं, दोरावरून चढणंही झालं. राहिली मुलाखत, आणि हातात होते बारा दिवस.

तिनं एक पुस्तक आणलं. त्यात मुलाखतीचे शंभर प्रश्न आणि शंभर तयार उत्तरं होती. ‘आपण या सेवेत का येऊ इच्छिता?’ या प्रश्नाचं उत्तर ‘लहानपणापासून मला समाजाची सेवा करण्याची ओढ आहे’ असं सुरू व्हायचं आणि पाऊण पान चालायचं. तिनं ते तोंडपाठ केलं आणि समोरच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या शिडीकाकांना म्हणून दाखवायला गेली.

शिडीकाका एकतीस वर्षं दलात काढून निवृत्त झालेले. दारावरच्या खुणांचं तिनं आधी त्यांनाच विचारलं होतं, पण त्यांच्या वेळी पहारच असायची. पंपाच्या आवाजानं त्यांचा डावा कान गेला होता, म्हणून त्यांच्याशी बोलायचं ते उजव्या बाजूला बसून. ते सुरी घेऊन दुधी सोलत होते. पाऊण पान त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“पाठ चांगलं झालंय,” ते म्हणाले. “तुझ्या आधी आत गेलेले चाळीस जणही हेच म्हणणार. पुस्तक एकच आहे ना.”

“मग मी काय म्हणू?”

“ते मला काय ठाऊक? अर्ज तू भरलास.” त्यांनी सालं गोळा केली. “तुमच्या जिन्याला पायऱ्या किती?”

 उचापती चौथ्या मजल्यावर राहायची. जन्मापासून तो जिना चढत-उतरत होती, आणि पायऱ्या किती ते तिला सांगता येईना. जगभरच्या भानगडीत नाक खुपसणारी ही पोर, पण स्वतःच्या पायाखालचं तिनं कधी बघितलं नव्हतं. काखेत कळसा नि गावाला वळसा.

त्याच संध्याकाळी तिनं मोजल्या. तळमजल्यापासून पहिला मजला अठरा. पहिल्यापासून दुसरा अठरा. दुसऱ्यापासून तिसरा सतरा. तिला वाटलं आपलंच चुकलं. खाली जाऊन पुन्हा मोजल्या, सतराच. तिसऱ्यांदा मोजताना तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडून विचारलं, “काय हरवलंय का ग?”

“एक पायरी,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं काकांना आकडे सांगितले. काकांनी मान हलवली.

“दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये सतरा. बरोबर. तिथं मी पडलो होतो.”

“आमच्या जिन्यात? कधी?”

“बावीस-तेवीस वर्षं झाली असतील. तिसऱ्या मजल्यावर स्वयंपाकघर पेटलं होतं. जिन्यात धूर इतका, की स्वतःचा हात दिसत नव्हता. मी पायऱ्या मोजत चढत होतो. अठरावीवर पाय टाकायला गेलो तर पायरीच नाही. तोंडावर आपटलो, एक दात गेला.” त्यांनी ओठ वर करून जागा दाखवली.

“मोजत कशाला होता?”

“दिसत नसलं की कितव्या मजल्यावर आहोत ते कसं कळणार? आणि दुसरं म्हणजे, मोजताना माणूस घाबरत नाही. घाबरायला डोकं मोकळं लागतं.”

त्या दिवसापासून काका रोज एकच प्रश्न द्यायचे आणि उत्तर द्यायचे नाहीत. आग विझवायच्या नळीची पेटी तुमच्या इमारतीत कुठं आहे? उचापतीला ती तिसऱ्या मजल्यावर सापडली. आत नळी नव्हतीच, चार झाडू आणि कुणाचे तरी जुने बूट होते. गच्चीच्या दाराची किल्ली कुणाकडं असते? कुणाकडंच नव्हती. तिनं ते कुलूप काढून, तेल घालून, नवीन किल्ली करून तळमजल्यावर रहिवाशांच्या नावांच्या फलकाशेजारी टांगली. बंद दार तपासताना हाताची पाठ का लावतात, तळवा का नाही? यावर ती दुकानात अख्खी दुपार घालवून बसली. चावी कापली की ती गरम होते. तिनं गरम चावी आधी तळव्यावर धरली, मग हाताच्या पाठीवर. कानस घासून घासून तिचा तळवा इतका निबर झाला होता की त्याला उशिरानं कळत होतं. हाताच्या पाठीला मात्र चावी टेकायच्या आधीच ऊब लागत होती.

“हे अर्धं झालं,” काका म्हणाले. “आणि हाताची पाठ भाजली तरी मूठ वळते. तळवा भाजला तर कठडा कशानं धरशील?”

मामा हे सगळं बघत होता. “इतक्या चौकशा लग्नाच्या स्थळाच्याही कुणी करत नाही,” एवढंच म्हणाला, आणि मशीनवर ताटकळलेल्या किल्ल्या स्वतः कापायला बसला.

आई मात्र काहीच बोलत नव्हती. आई हॉस्पिटलच्या धुलाईघरात कामाला होती, चादरींच्या वाफेत दिवस काढायची. लेकीनं अर्ज भरल्याचं कळलं तेव्हा तिनं ‘बरं’ म्हटलं होतं आणि त्यानंतर त्या विषयावर मूग गिळले होते. उचापतीला वाटायचं, आईला राग आला असावा. पण राग कशाचा, हे विचारायचं धाडस, एवढ्या प्रश्न विचारणाऱ्या मुलीला, होत नव्हतं.

मुलाखतीला चार दिवस असताना काकांनी सांगितलं, “डोळे बांधून आपलं घर धुंडाळून बघ. डावा हात भिंतीवरून उचलायचा नाही. उजव्या हातानं चाचपायचं. सगळ्या खोल्या फिरून दारापाशी परत यायचं.”

तिनं डोळ्यांवर टॉवेल घट्ट बांधला आणि दारापासून गुडघ्यांवर निघाली. दोन खोल्यांचं घर, पण टॉवेलाआडून ते केवढंतरी मोठं झालं. कपाट आलं, शिवणयंत्राचं पायडल आलं, बादली आली आणि सांडली. ती ओल्यातून तशीच पुढं सरकली. टेबलाखालून बाहेर निघताना तिचा उजवा हात कुणाच्या तरी पायाला लागला.

आई कामावरून आली होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

“पलंगाखाली बघितलं नाहीस,” आई म्हणाली.

उचापतीनं टॉवेल वर केला.

“मूल दारात सापडत नाही,” आई म्हणाली. “मोठी माणसं दाराकडं पळतात. मूल घाबरलं की लपतं. पलंगाखाली, कपाटात, गाद्यांच्या मागं. हाक मारली तरी ओ देत नाही. त्याला वाटतं आपल्याला रागावणार आहेत.”

“तुला कुणी सांगितलं?”

आईनं पिशवी खाली ठेवली आणि ती बादली सरळ करायला वाकली. “तू तीन वर्षांची होतीस. खालच्या घरात आग लागली तेव्हा मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खाली आले तर घरभर धूर. तुला हाका मारून मारून घसा बसला. शेवटी अशीच भिंतीला धरून, रांगत रांगत... तू पलंगाखाली होतीस. तोंडावर उशी धरून, डोळे मिटून.”

“मला हे कधीच कुणी सांगितलं नाही.”

“सांगण्यासारखं काय होतं त्यात?” आई फडकं पिळत राहिली. मग म्हणाली, “मी एकदा आत गेले तर मला तेवीस वर्षं पुरलं. तू रोज जाणार म्हणतेस.”

 दोघींनी मिळून फरशी पुसली. पुसून झाल्यावर आईनं टॉवेल उचलला, झटकला आणि पुन्हा तिच्या हातात दिला. “बांध. मी उशी लपवते. सापडते का बघू.”

उशी दुसऱ्या खेपेला सापडली, कपड्यांच्या टोपलीत.

मामाला ही हकिगत कळल्यावर तो हरखला. “अग, मग काळजी मिटली. का यायचंय म्हणून विचारलं की हेच सांग. पलंग, उशी, आई. ऐकणारे विरघळतील.”

उचापतीनं दोन दिवस त्यावर विचार केला. गोष्ट खरी होती, तिचीच होती. पण अर्ज भरला तेव्हा तिला ती ठाऊक कुठं होती? ठाऊक नसलेल्या कारणासाठी अर्ज भरला असं सांगणं म्हणजे चक्क थाप. शिवाय ती गोष्ट आईची होती. आईनं ती इतकी वर्षं कुणाला दिली नव्हती.

मुलाखतीच्या खोलीत लांब टेबलामागं तिघं बसले होते. मध्ये दलाचे प्रमुख, एका बाजूला कचेरीतल्या बाई, दुसऱ्या बाजूला डॉक्टर. पहिलाच प्रश्न बाईंनी विचारला, आणि तो पुस्तकातलाच निघाला. या सेवेत का यायचंय?

उचापतीच्या तोंडात समाजाची सेवा आलीच होती. ती तिनं गिळली आणि दाराची गोष्ट सांगितली. शाबूत कुलूप, बोटभर दोन खुणा, फाटकावरचा माणूस.

“म्हणजे ते अवजार बघायला मिळावं म्हणून तुम्ही अर्ज केलात?” बाईंनी चष्म्यावरून बघितलं.

“सुरुवात तशीच झाली. मग बाकीचंही बघावंसं वाटलं.”

डॉक्टर हसले. प्रमुख हसले नाहीत. त्यांनी कुलपांबद्दल विचारलं आणि बराच वेळ विचारत राहिले. आतून कडी असली तर काय, साखळी असली तर काय, दार बाहेर उघडणारं असलं तर काय. तिनं बाहेरच्या बाजूला येणाऱ्या बिजागरीचं सांगितलं तेव्हा त्यांनी कागदावर काहीतरी टिपून घेतलं. मग पेन खाली ठेवलं.

“समजा तुम्ही दारापाशी आहात. आतून कुणाचा तरी आवाज येतोय. आणि तुमचा वरिष्ठ म्हणतो, मागं फिरा. काय कराल?”

या प्रश्नाची तयारी पुस्तकानं करून घेतली नव्हती, काकांनीही नाही.  मागं फिरेन म्हटलं तर भित्री ठरेन, आत जाईन म्हटलं तर उद्धट.

“का फिरायचं ते विचारेन,” ती म्हणाली.

“विचारायला वेळ नाही.”

तिनं टेबलाच्या कडेकडं बघितलं. “मग फिरेन. त्याला छत दिसत असेल, मला फक्त दार दिसतंय. पण बाहेर आल्यावर विचारेन. सगळं नीट कळेपर्यंत विचारेन.”

“आणि उत्तर पटलं नाही तर?”

“तरी फिरलेलीच असेन, साहेब. पण झोप लागणार नाही.”

 मग प्रमुखांनी ‘ठीक आहे, या’ म्हटलं. त्या ‘ठीक आहे’चा अर्थ काय, हे ती घरी येईपर्यंत उलटून पालटून बघत होती.

यादी लागली तेव्हा तिचं नाव त्यात नव्हतं. खालच्या प्रतीक्षायादीत होतं, दुसऱ्या क्रमांकावर. मामा म्हणाला, झालं ते बरंच झालं. पण त्या आठवड्यात त्यानं तिला एकही वेडंवाकडं कुलूप दिलं नाही. शिडीकाका म्हणाले, “धीर धर. पहिल्या पंधरवड्यात दोन-तीन जण पळतातच. पहाटेची कवायत सोसत नाही.” सहा आठवड्यांनी पत्र आलं. तिघं पळाले होते.

रुजू व्हायच्या दिवशी आई म्हणाली, “माझ्या वाटेवरच आहे, येते.” वाटेवर अजिबात नव्हतं, दोन बस बदलाव्या लागल्या. केंद्राच्या आवारात लांबच लांब नळ्या मनोऱ्यावरून खाली सोडून वाळत घातलेल्या होत्या, आणि उचापती मान वर करून बघत राहिली, की एवढ्या ओल्या नळ्या वर चढवतात कशा. आई तोवर पुढं गेली होती. तिनं तिथल्या अधिकाऱ्याला गाठून विचारलं, “मुलींना कपडे बदलायला खोली कुठं आहे?”

अधिकारी जरा घुटमळला. प्रतीक्षायादीतून आज रुजू होणाऱ्यांत दोघी मुली होत्या, आणि या केंद्रात त्या पहिल्याच. त्यानं मागच्या बाजूचं एक कोठार दाखवलं. ते कालच रिकामं केलेलं होतं, भिंतीवर रबरी बुटांच्या काळ्या खुणा होत्या.

आई आत गेली. नळ सोडून बघितला, खुंट्या ओढून बघितल्या, खिडकीपाशी जाऊन बाहेरून किती दिसतं ते पाहिलं.

“पडदा नाही इथं,” ती बाहेर येऊन लेकीला म्हणाली. “उद्या आमच्या धुलाईघरातली एक जाड चादर आणते. तिथल्या साहेबांना विचारून आणीन.” मग घड्याळ बघितलं आणि कामावर उशीर झाला म्हणून फाटकाकडं भराभर चालू लागली.