एक जूनच्या दोघी

आमच्या भागात एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस एक जूनला येतो. माझाही येतो. शाळेत नाव घालायला नेलं की गुरुजी जन्मतारीख विचारायचे. आई सांगायची, पोळ्याच्या पुढंमागं झाली. त्या साली पोळा कोणत्या तारखेला होता हे कुणाला ठाऊक असणार? गुरुजी एक जून लिहून मोकळे व्हायचे. त्यानं कुणाचं काही बिघडलं नाही, आणि आम्ही आपसांत त्यावर हसतही आलो. मी छत्रपती संभाजीनगरातल्या एका धर्मादाय रुग्णालयात नोंदणी विभाग सांभाळते. हल्ली मला त्या तारखेचं हसू येत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडं नवी संगणकप्रणाली आली आणि जुना पसारा उघडा पडला. एकेका रुग्णाच्या नावावर दोन-दोन, तीन-तीन क्रमांक. माणूस जुना कागद घरी विसरून येतो, खिडकीवरची मुलगी नवा क्रमांक देते, आणि त्याचा जुना एक्स-रे जुन्या क्रमांकावर पडून राहतो. हे निस्तरायला हवंच होतं. बैठकीत ठरलं, की नाव, आडनाव, गाव, जन्मतारीख आणि मोबाइल नंबर जुळला की यंत्रानं ती दोन खाती एक करून टाकायची.

मी विचारलं, एक झालेली खाती डोळ्यांखालून कोण घालणार? संगणकवाले म्हणाले, मॅडम, माहिती तुमची, आम्ही फक्त प्रणाली चालवतो. डॉक्टर म्हणाले, आम्ही रुग्ण बघायचे की नावं? अधीक्षकांनी घड्याळाकडं बघितलं आणि चहा मागवला. ती माहिती सगळ्यांनाच लागत होती, पण तिला वाली कुणी नव्हता. माझं डोकं तापलं. पण चहा आला आणि विषय पार्किंगवर गेला.

कन्नडच्या पलीकडं, घाटाच्या तोंडाशी असलेल्या एका गावातून त्याच सुमारास दोन बायका आमच्याकडं येऊन गेल्या. एकाच भावकीतल्या, नात्यानं जावा. दोघींच्या छातीत गाठ, आणि दोघींच्या गाठीचा तुकडा तपासायला गेलेला. नाव एक, आडनाव एक, गाव एक, जन्मतारीख अर्थातच एक जून. मोबाइल दोघींकडंही नव्हता. ज्या पुतण्यानं आपल्या जीपमधून त्यांना आणलं, त्याचाच नंबर दोघींनी दिला. वेगळं होतं ते फक्त नवऱ्याचं नाव. पण त्या पिढीची बाई चारचौघांत नवऱ्याचं नाव घेत नाही. विचारलं की पदर तोंडाला लावून दुसरीकडं बघते. मागं रांग ओरडत असते, आणि खिडकीवरची मुलगी तो रकाना कोरा सोडून पुढच्याला बोलावते. कोऱ्या रकान्याचं यंत्राला काय सोयरसुतक! त्यानं दोघींची मिळून एक बाई केली.

एकीची गाठ साधी होती, दुसरीचा कर्करोग होता. साधा अहवाल नंतर आला, म्हणून पडद्यावर तो वर दिसत होता. कर्करोगाची बाई निकाल विचारायला आली तेव्हा डॉक्टरांनी वरचा अहवाल वाचला आणि तिला सांगितलं, काळजी नको, घरी जा. आठवड्यानं दुसरी आली, तिलाही तेच सांगितलं. दोघी खुशीत गावी गेल्या.

पाऊस सरता सरता प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाईंचा मला फोन आला. म्हणाल्या, त्या कन्नडकडच्या बाईंचं ऑपरेशन झालं का? मी खातं उघडलं. एकाच बाईचे दोन अहवाल, आणि एक दुसऱ्याला खोटं पाडणारा. मी पुतण्याला फोन लावला.

"कोणची काकू, मॅडम?" तो म्हणाला. "शाळंमागली का मारुतीपाशी राहती ती? त्या नावाच्या दोन हायेत आमच्यात."

साऱ्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट आमच्या एवढ्या महागड्या प्रणालीला ठाऊक नव्हती. मी म्हटलं, दोघींना घेऊन या, उद्याच या.

दुसऱ्या दिवशी दोघी माझ्या खोलीत बसल्या. वाईट अहवालावर डाव्या बाजूची गाठ लिहिलेली होती. मी विचारलं, डावीकडं कुणाला आहे? शाळेमागं राहणारी म्हणाली, "मला हाय. पर मला तर नीट हाय म्हणले ना?" मी काय झालं ते सांगितलं. गोलमोल बोलायचं नाही असं ठरवलं होतं.

तिनं आरडाओरडा करावा, मला चार शिव्या द्याव्यात असं मला मनापासून वाटत होतं. पण ती एवढंच म्हणाली, "मंग ते नीट हाय म्हणले, ते कुणाचं व्हतं?"

दुसरीनं मान खाली घातली. "माझं व्हतं, जाऊबाई," ती म्हणाली. आपलं बरं असल्याची तिला त्या क्षणी लाज वाटत होती. दोष आमचा आणि लाज तिला, हे बघून मला आमच्या सगळ्या बैठकांचा संताप आला.

पुढच्या बैठकीत मी चहा येऊ दिला नाही. रुग्णाशी किंवा घरच्यांशी बोलल्याशिवाय कुठलंही खातं जोडायचं नाही, आणि जोडणाऱ्याचं नाव त्या नोंदीवर राहील, हे मी लिहून घेतलं. अधीक्षक म्हणाले, जबाबदारी कोण घेणार? मी म्हटलं, मी. यंत्रानं जोडलेली सगळी खाती आम्ही पुन्हा उघडून तपासली. आणखीही काही चुकीची निघाली. सुदैवानं त्यांच्यात जिवावर बेतणारं काही नव्हतं.

शाळेमागच्या बाईंचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आधी हाती लागली असती तर... आणि वाक्य अर्धंच सोडून हात धुवायला गेले. औषधाच्या प्रत्येक फेरीला ती जाऊ सोबत यायची, तिच्या डोक्याला रुमाल बांधायची, दवाखान्यातल्या खिचडीला नावं ठेवत तिला चार घास भरवायची. संक्रांत झाली आणि बाई आमच्याच वॉर्डात वारल्या.

कागदपत्रांसाठी पुतण्या आणि ती जाऊ माझ्याकडं आले. मृत्यूची नोंद मी कुणावर सोपवली नाही, स्वतः करायला बसले. पडद्यावर तेच नाव, तेच आडनाव, तेच गाव, एक जून. मी बटणावर बोट ठेवलं तेव्हा समोरची बाई खुर्चीतून पुढं वाकली. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"नीट बघून करा, बाई," ती म्हणाली. "मी अजून हाय."